संवाद पाठ, एन्ट्री चुकली: पॅच केलेलं प्रॉमिस मूळ प्रॉमिससारखं का वागत नाही

आमच्या गावी, डिचोली तालुक्यात, जत्रेच्या रात्री नाटक होतं. एका वर्षी प्रयोगाच्या आदल्या दिवशी मुख्य नटाचा घसा बसला आणि शेजारच्या गावातून बदली नट आणावा लागला. माणूस हुशार. एका रात्रीत सगळे संवाद पाठ केले, प्रॉम्प्टरकडे एकदाही बघितलं नाही. पण दुसऱ्या अंकात नायिकेला पत्र मिळायच्या आधीच तो विंगेतून आत आला आणि गरजला, "ते पत्र माझ्या हाती दे!" नायिकेच्या हातात पत्र कुठलं? पत्र आणणारा पोस्टमन अजून विंगेत मिशी चिकटवत होता. गावातली पोरं तो किस्सा अजून रंगवून सांगतात.

शब्द एकही चुकला नव्हता. एन्ट्री तेवढी चुकली.

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेतल्या मूळ प्रॉमिसची जागा घेणाऱ्या, म्हणजे ते पॅच करणाऱ्या लायब्रऱ्यांचं (प्रोग्रामात जोडायच्या तयार कोडच्या संचांचं) बरेचदा असंच होतं. मी हे जरा अधिकारवाणीने सांगतो, कारण असा एक बदली नट मी स्वतः लिहिला होता, आणि त्याने ऐन डिसेंबरात, म्हणजे गोव्यात हॉटेलवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते तेव्हा, आमच्या एका ग्राहकाच्या पडद्यावरून खोल्यांचे दर गायब केले.

प्रॉमिस म्हणजे काय हे ठाऊक असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. दुपारी खानावळीत पैसे भरले की हातात टोकन मिळतं. थाळी अजून यायची आहे, पण टोकन आत्ता तुमच्या हातात आहे. थाळी आली तर काय करायचं आणि "इसवण संपला" असं उत्तर आलं तर काय करायचं, हे दोन्ही तुम्ही आधीच ठरवून ठेवू शकता. प्रॉमिस हे ते टोकन. सर्व्हरकडून माहिती यायची असेल, फाइल वाचायची असेल, तर जावास्क्रिप्ट लगेच टोकन देते आणि उत्तर मागाहून येतं. पुढे काय करायचं ते नोंदवायची जी पद्धत असते तिचं नाव 'देन'. प्रॉमिस एकदा पूर्ण झालं किंवा नाकारलं गेलं की पुन्हा बदलत नाही. आणि एक नियम असा, की 'देन'मध्ये दिलेलं फंक्शन कधीच जागच्या जागी चालत नाही. उत्तर आधीपासून तयार असलं तरी हातातला कोड संपेपर्यंत ते थांबतं. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण तिच्यावर आहे.

प्रॉमिस भाषेत अधिकृतपणे आलं ते २०१५ च्या आवृत्तीत. त्याआधी प्रत्येक लायब्ररी आपापलं टोकन छापत होती. जेक्वेरी या लायब्ररीने २०११ मध्ये १.५ आवृत्तीत 'डिफर्ड' आणलं. त्यात उत्तर तयार असेल तर पुढचं फंक्शन तिथल्या तिथे चाले, म्हणजे एकच कोड कधी आधी तर कधी नंतर. शिवाय त्या फंक्शनमध्ये एरर फेकली गेली तर ती साखळीत न अडकता थेट बाहेर पडे. या दोन्ही सवयी जेक्वेरीने २०१६ च्या ३.० आवृत्तीत सुधारल्या. दरम्यान प्रॉमिस कसं वागावं याचा 'प्रॉमिसेस ए प्लस' नावाचा एक खुला करार लोकांनी लिहिला आणि सोबत साडेआठशेच्या वर चाचण्यांचा संचही दिला. त्या संचाने पुढे मला चांगलंच फसवलं.

आता भाषेतच प्रॉमिस आहे तर कुणी ते बदलावं कशाला? माग ठेवायला.

एखाद्याने पडद्यावर बटण दाबलं, त्यातून सर्व्हरला विनंती गेली, उत्तरावर आणखी दोन कामं झाली आणि तिसऱ्यात एरर आली. ही एरर मुळात कुठल्या बटणाची, हे तिसऱ्या कामाला ठाऊक नसतं. प्रत्येक 'देन'पाशी धागा तुटतो. तो जोडून ठेवायचा तर कुणीतरी 'देन'च्या दारात उभं राहून प्रत्येक फंक्शनच्या हातात चिठ्ठी द्यायला हवी: तू अमुक बटणाचा. वेबपानं बांधायच्या अँग्युलर या फ्रेमवर्कने हेच काम झोन-जेएस नावाच्या लायब्ररीकडून करून घेतलं. मूळ कल्पना डार्ट भाषेतली. झोन-जेएस टायमर, इव्हेंट लिसनर (क्लिकसारख्या घटनांकडे कान लावून बसलेली फंक्शनं) आणि प्रॉमिस या सगळ्यांवर पहारा बसवते, आणि एखादं काम संपलं की अँग्युलरला कळतं, आता पडदा ताजा करायला हवा. प्रॉमिसच्या बाबतीत तिने नुसता पहारा बसवला नाही. मूळ प्रॉमिस बाजूला ठेवून 'झोन-अवेअर प्रॉमिस' नावाचा स्वतःचा क्लास, म्हणजे प्रॉमिस घडवायचा साचा, त्या जागी आणला. संपूर्ण बदली नट.

आमची लायब्ररी तिच्यापुढे चिमुकली. तिचं काम एवढंच, की एररच्या नोंदीत मूळ बटणाचं नाव यावं. पण ऐटीत मीही पूर्ण प्रॉमिस नव्याने लिहिलं. दीडशे ओळी. दोन दिवसांत झालं. फार खूश होतो.

दोष समजायचा तर आधी रांग समजायला हवी. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी गाड्या उभ्या आहेत, असं डोळ्यांपुढे आणा. चारचाकींची एक रांग, दुचाकींची दुसरी. समजा तिथल्या माणसाचा नियम असा: एक चारचाकी आत घेतली की पुढची चारचाकी घेण्याआधी दुचाकींची रांग पूर्ण रिकामी करायची. ती रिकामी होत असताना मागून नवीन स्कूटर आली तर तीही आताच आत. टायमर, माउसची क्लिक, सर्व्हरचं उत्तर ही जावास्क्रिप्टमधली चारचाकी कामं. प्रॉमिसची 'देन' फंक्शनं म्हणजे दुचाकी. इंजिनाच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या भाषेत ही मायक्रोटास्कची रांग. आणि दुचाकींच्या रांगेत घुसखोरी नाही: जो आधी लागला तो आधी जाणार.

आता एक कोडं. दोन साखळ्या एकापाठोपाठ सुरू करा. पहिलीत आधीच पूर्ण झालेलं एक प्रॉमिस घ्या, त्याला 'देन' लावा आणि त्यातल्या फंक्शनने दुसरं एक पूर्ण झालेलं प्रॉमिस परत करावं, ज्याची किंमत 'मासे' हा शब्द. पुढच्या 'देन'मध्ये तो शब्द छापा. दुसऱ्या साखळीतही पूर्ण झालेलं प्रॉमिस, त्याला एकापुढे एक चार 'देन', आणि त्यांनी अनुक्रमे एक, दोन, तीन, चार छापावं. पडद्यावर काय उमटेल?

मूळ प्रॉमिस छापतं: एक, दोन, तीन, मासे, चार.

'मासे' इतके मागे का पडले? कारण प्रॉमिसमधून प्रॉमिस परत केलं की मूळ प्रॉमिस दोन जादा खेपा घालतं. पहिल्या साखळीतलं फंक्शन चालतं, आतलं प्रॉमिस परत करतं. इंजिन बघतं, या वस्तूकडे 'देन' आहे. ते 'देन' इंजिन लगेच हाक मारून चालवत नाही. "याच्या 'देन'ला हाक मारायची आहे" असं एक काम रांगेच्या शेवटी लावतं. तोवर दुसरीकडे 'एक' छापून झालेलं असतं. रांगेत पाळी आली की ते 'देन' चालतं, आणि आतलं प्रॉमिस पूर्ण असल्याने "बाहेरच्याला किंमत द्या" हे दुसरं काम पुन्हा शेवटी लागतं. तोवर 'दोन'. ते काम चाललं की बाहेरचं प्रॉमिस खऱ्या अर्थाने पूर्ण होतं आणि 'मासे' छापणारं फंक्शन रांगेत येतं. तोवर 'तीन'. मग मासे, मग चार.

माझ्या दीडशे ओळी हे छापत होत्या: एक, मासे, दोन, तीन, चार.

माझा विचार साधा होता. आतलं प्रॉमिस पूर्ण झालेलंच आहे, किंमत माझ्यासमोर आहे, उचलून बाहेरच्याला दिली, कशाला दोन खेपा? हा मोह मला एकट्यालाच झाला असं नाही. झोन-जेएसच्या क्लासमध्येही हाच शॉर्टकट वर्षानुवर्षं होता: आत दिलेलं प्रॉमिस आपल्याच घरचं आणि पूर्ण झालेलं असेल तर त्याची अवस्था थेट उचलायची.

गंमत पुढे आहे. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली आमची सहकारी म्हणाली, "सर, पण ए प्लसच्या सगळ्या टेस्ट पास आहेत." होत्याच. एकही लाल नाही. मी तिच्यासमोर तिसरं एक प्रॉमिस लिहिलं, ए प्लसचा करार अक्षरशः पाळणारं, शॉर्टकट न मारणारं. त्याने छापलं: एक, दोन, मासे, तीन, चार. म्हणजे मूळ, माझं आणि हे करारावरहुकूम, अशी तीन प्रॉमिसं आणि तीन वेगळे क्रम. आणि चाचण्यांच्या मते तिन्ही निर्दोष.

कारण ए प्लसने एवढंच सांगितलं आहे, की तुमचं फंक्शन हातातला कोड संपल्यावर चालावं. परत आलेल्या वस्तूच्या 'देन'ला हाक कधी मारायची, तिथल्या तिथे की एक खेप थांबून, यावर तो करार काही म्हणत नाही. भाषेचं अधिकृत विवरण मात्र म्हणतं: ते वेगळं काम म्हणूनच रांगेत लावा. भाषेची स्वतःची चाचणी-मालिका आहे, 'टेस्ट २६२' नावाची. लायब्ररीला मूळ प्रॉमिसची नक्कल करायची असेल तर कसोटी ती. ए प्लस ही निरनिराळ्या लायब्रऱ्यांनी एकमेकांशी जुळवून घ्यावं म्हणून केलेली तडजोड होती, आणि तेवढ्यापुरती ती चोख आहे.

पण विवरणाने हा हट्ट का धरला असेल? नुसता वेळकाढूपणा वाटतो. 'देन' असलेली वस्तू म्हणजे प्रॉमिसच असेल असं नाही, कुणीही कसलीही वस्तू बनवून तिच्यात 'देन' नावाचं फंक्शन घालू शकतं. ते फंक्शन परक्याचं. तुम्ही एका ओळीत "प्रॉमिस पूर्ण कर" म्हणता आणि पुढच्या ओळीत आपल्या नोंदी नीट लावणार असता. त्या दोन ओळींच्या मधेच परक्याचा कोड घुसून चालला आणि त्याने तुमच्या अर्धवट नोंदींना हात लावला तर? विवरण म्हणतं, आसपासचा कोड आधी पूर्ण होऊ दे, मगच परक्याला आत घे. यात एक बारकावा आहे. वस्तूकडे 'देन' आहे का, हे बघणं लगेच होतं, आणि एकदाच. हाक मारणं तेवढं पुढे ढकललं जातं. नक्कल करणारे इथे हमखास चुकतात. काही जण 'देन' दोनदा वाचतात, एकदा तपासायला आणि एकदा चालवायला. वाचताना काही घडवून आणणारी वस्तू असेल तर ते दोनदा घडतं.

आता डिसेंबरातला तो पडदा. खोल्यांचे दर सर्व्हरवरून आणून ब्राउझरमध्येच साठवून ठेवायचे, अशी सोय होती. दर साठ्यात असतील तर प्रॉमिस आधीच पूर्ण. दुसरीकडे तक्ता बांधणारी साखळी चालायची, दोनतीन 'देन'ची. मूळ प्रॉमिसवर तक्ता आधी बांधून व्हायचा, दर मागून येऊन त्यात बसायचे. आमची लायब्ररी जोडली की दर दोन खेपा आधी येऊन उभे. तक्ताच नाही तर बसणार कुठे? चौकट रिकामी. आणि हे फक्त दुसऱ्यांदा पान उघडल्यावर, कारण पहिल्यांदा साठा रिकामा असायचा. आम्ही तपासताना दरवेळी साठा पुसून नव्याने उघडत होतो, त्यामुळे ऑफिसात सगळं आलबेल आणि कळंगुटला रिकामी चौकट.

इथे कुणी म्हणेल, असा खेपांच्या हिशोबावर टेकलेला कोड लिहावाच कशाला? बरोबर आहे. तक्ता लिहिणाऱ्याने दोन्ही साखळ्या जोडून घ्यायला हव्या होत्या, आणि मागाहून आम्ही त्या जोडल्याही. पण आपण कशावर टेकलो आहोत हे लिहिणाऱ्याला कळलेलंच नसतं. पान चालतंय, म्हणजे बरोबर, असं तो धरून चालतो. मग कोणी माग काढायची लायब्ररी बसवतो, जिचा तक्त्याशी काहीही संबंध नाही, आणि तक्ता मोडतो. दोष तक्त्याच्या कोडचा असला तरी तो बाहेर काढायची जबाबदारी माझ्या लायब्ररीने घ्यायचं काहीच कारण नव्हतं.

मग दुरुस्ती. पहिला विचार आला तो, त्या दोन खेपा आपणही घालाव्यात. तसं केलंसुद्धा. पण दीडशे ओळींच्या दोनशे दहा झाल्या आणि दर आठवड्याला नवीन फरक सापडू लागला. शेवटी लायब्ररीतलं प्रॉमिस पूर्णच काढून टाकलं. मूळ नटालाच उभं केलं आणि त्याच्या खिशात फक्त चिठ्ठी ठेवली. म्हणजे मूळ प्रॉमिसच्या 'देन'वर एक पातळ वेष्टन: कोणी 'देन' लावलं की त्या क्षणी चालू असलेल्या बटणाचं नाव टिपून ठेवायचं, दिलेल्या फंक्शनला ते नाव चिकटवायचं आणि पुढचं सगळं मूळ 'देन'कडे सोपवायचं. रांग इंजिनाची, खेपा इंजिनाच्या, क्रम इंजिनाचा. माझ्याकडे वीसेक ओळी उरल्या.

त्या वीस ओळींतही मी एक घोळ घातलाच. 'देन'ला फंक्शनच्या जागी काहीच दिलं नाही तर मूळ प्रॉमिस किंमत जशीच्या तशी पुढे जाऊ देतं. मी जे येईल त्याला वेष्टन घालत होतो, रिकाम्या जागेलाही. वेष्टन म्हणजे फंक्शन, ते काहीच परत करत नाही, म्हणून किंमत वाटेत गळायची. नाकारलेल्या प्रॉमिसचं तर आणखी वाईट: 'देन'ला सहसा एकच फंक्शन देतात, दुसरी जागा रिकामी असते. माझं वेष्टन त्या रिकाम्या जागी बसून एरर गिळून टाकायचं, आणि पुढच्या साखळीला वाटायचं सगळं सुखरूप. फंक्शन असेल तरच गुंडाळायचं, नाहीतर हातही लावायचा नाही. एका ओळीची दुरुस्ती, सापडायला अख्खी दुपार.

'कॅच' (एरर आली तर काय करायचं ते नोंदवणारं) आणि 'फायनली' (काहीही झालं तरी शेवटी काय करायचं ते नोंदवणारं) यांना वेगळं गुंडाळायची गरज पडली नाही. मूळ 'कॅच' आतून 'देन'लाच हाक मारतं, 'फायनली'सुद्धा. ती वेगळी गुंडाळली असती तर एकाच फंक्शनवर दोन वेष्टनं चढली असती. 'ऑल', 'रेस' या अनेक प्रॉमिसं एकत्र हाताळणाऱ्या पद्धती, त्याही शेवटी प्रत्येक प्रॉमिसच्या 'देन'पाशीच येतात. यातून एक मोठा फायदा झाला. भाषेत २०२० ला 'ऑल सेटल्ड' आलं, २०२१ ला 'एनी', २०२४ ला 'विथ रिझॉल्व्हर्स'. स्वतःचा क्लास लिहिणाऱ्याला प्रत्येक नवीन पद्धत आपल्या क्लासमध्ये हाताने भरावी लागते. वेष्टनवाल्याला त्या आयत्या मिळतात.

ओळखीचा प्रश्नही यातच सुटला. तुमचा क्लास वेगळा असेल तर सर्व्हरला विनंती करणारं ब्राउझरचं 'फेच' जे प्रॉमिस देतं ते तुमच्या क्लासचं नसतं. ब्राउझरला तुम्ही केलेली अदलाबदल माहीतच नसते. मग "ही वस्तू प्रॉमिस आहे का" असं कोणी विचारलं की उत्तर "नाही". असे प्रश्न विचारणाऱ्या लायब्रऱ्या थोड्याथोडक्या नाहीत. काही महाभाग तर फंक्शनचा मजकूर वाचून ते इंजिनाचं अस्सल आहे का हे बघतात, आणि त्यांना चकवायला झोन-जेएसने मजकूर देणाऱ्या पद्धतीलाही पॅच केलं आहे. इथवर वेळ येते.

नाकारलेल्या प्रॉमिसची कोणीच दखल घेतली नाही तर काय, हाही असाच मामला. इंजिन अशा अनाथ एररवर लक्ष ठेवतं. ब्राउझर त्याचा वेगळा इव्हेंट पाठवतो, आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा नोड-जेएस १५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, थेट प्रोग्रामच बंद पाडतो. हाताने लिहिलेल्या प्रॉमिसची इंजिनाला खबरच नसते, त्यामुळे ही सगळी दवंडी लायब्ररीने स्वतः पिटायची असते. झोन-जेएस ती पिटते, पण मूळ एररवर आपला मजकूर असलेली नवी एरर चढवून. नको असेल तर बंद करायला त्यात एक खटका दिला आहे. मूळ प्रॉमिस शाबूत ठेवलं की यातलं काही करावं लागत नाही.

आता जिथे वेष्टनही हरतं ती जागा: 'अवेट'.

२०१७ च्या आवृत्तीपासून 'असिंक' फंक्शन आणि त्यात 'अवेट', म्हणजे प्रॉमिसचं उत्तर येईपर्यंत फंक्शनला त्याच ओळीवर थांबवणारा शब्द, आलं, आणि आता बहुतेक जण 'देन' हाताने लिहीतच नाहीत. 'अवेट' दिसायला 'देन'चंच गोंडस रूप. पण समोर मूळ प्रॉमिस असेल तर इंजिन तुमच्या 'देन'ला विचारत नाही. आतल्या दाराने थेट प्रॉमिसच्या यंत्रणेत शिरतं. समोरच्या दारात चिठ्ठी घेऊन उभा असलेला माणूस उभाच राहतो. 'अवेट'च्या पुढच्या ओळीला आपण कुठल्या बटणाचे हे माहीत नसतं. 'असिंक' फंक्शन परत करतं तेही इंजिनाचं मूळ प्रॉमिस. 'प्रॉमिस' या नावामागे तुम्ही कोणाला बसवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आणि तुमचा क्लास वेगळा असेल तर 'अवेट'लाच जादा खेपा घालाव्या लागतात. मूळ प्रॉमिससाठी एक खेप पुरते, परक्या वस्तूसाठी तीन: एक तिच्या 'देन'ला हाक मारायला, दुसरी तिचं उत्तर यायला, तिसरी तुमच्या फंक्शनला जागं करायला. पूर्वी मूळ प्रॉमिसलाही तीनच लागायच्या. नंतर विवरणात बदल झाला, क्रोम आणि नोड-जेएस ज्यावर चालतात त्या व्ही-एट इंजिनाने तो उचलला आणि नोड-जेएस १२ पासून, म्हणजे २०१९ पासून, तो सगळ्यांना मिळाला. प्रॉमिसचा उपक्लास (मूळ क्लासवर बेतलेला क्लास) केला तरी हा जवळचा रस्ता मिळत नाही, कारण 'अवेट' वस्तूचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ती कोणत्या क्लासची आहे ते, तपासून बघतं आणि तो अस्सल मूळ नसेल तर तिला परकी धरतं. म्हणून आम्ही उपक्लासच्या वाटेला गेलोच नाही, मूळ 'देन'वरच वेष्टन घातलं.

'अवेट'वर अँग्युलरने काढलेला उपाय रांगडा आहे: कोड बांधताना 'असिंक' फंक्शनं जनरेटरच्या (मधेच थांबून पुन्हा पुढे चालू करता येणाऱ्या फंक्शनच्या) जुन्या रूपात उलगडायची, म्हणजे आत पुन्हा साधी 'देन' येतात आणि झोन-जेएसला ती दिसतात. चालतं, पण भाषेने दिलेली सोय आपल्याच हाताने परत करायची. २०२४ च्या १८ व्या आवृत्तीत अँग्युलरने झोन-जेएसशिवाय चालायचा प्रायोगिक मार्ग दिला, त्याच्या कारणांत हे एक होतंच. सर्व्हरच्या बाजूला नोड-जेएसमध्ये 'असिंक लोकल स्टोरेज' आहे, तिथे इंजिनच चिठ्ठी पुढे नेतं, 'अवेट' ओलांडूनसुद्धा. ब्राउझरसाठी असंच काही भाषेत यावं म्हणून 'असिंक कॉन्टेक्स्ट' नावाचा प्रस्ताव भाषेच्या समितीपुढे आहे. तो आला की माझ्या वीस ओळीही टाकून देईन.

तोवर आम्ही उलगडण्याचाच मार्ग धरला, पण फक्त ज्या फायलींत माग हवा तेवढ्यांसाठी. उलगडलेल्या कोडमध्ये खेपांचा हिशोब अस्सल 'अवेट'शी दरवेळी जुळतोच असं नाही, हे आम्ही लायब्ररीच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहून टाकलं आहे. लपवून ठेवलं असतं तर पुढच्या डिसेंबरात पुन्हा कोणाचा तरी फोन आला असता.

चाचणीची पद्धत मात्र माझ्या सहकारीने बदलली, आणि मला ती फार आवडली. अपेक्षित उत्तर हाताने लिहायचंच नाही. एक छोटा प्रोग्राम उगाचच वेड्यावाकड्या साखळ्या तयार करतो: इथे एक 'देन', तिथे प्रॉमिसमधून प्रॉमिस, मधेच एरर, मधेच 'देन' असलेली परकी वस्तू, कुठे रिकामी जागा. तीच साखळी दोनदा चालवायची, एकदा जिथे आमच्या लायब्ररीचा स्पर्शही नाही अशा वेगळ्या आयफ्रेममध्ये (पानाच्या आतल्या स्वतंत्र पानात), एकदा लायब्ररीसकट. दोन्हींनी छापलेला क्रम अक्षर न अक्षर जुळायला हवा. एकाच पानात मूळ प्रॉमिस बाजूला काढून तुलना करता येत नाही, कारण वेष्टन मूळ 'देन'वरच आहे आणि ते दोघांनाही लागतं. हे कळायलाही आम्हाला एक दिवस लागला, तोवर दोन्ही बाजू एकाच चुकीवर एकमत होऊन हिरव्या दिसत होत्या.

पहिल्या रात्री या वेड्या साखळ्यांनी अकरा फरक काढले. त्यातले नऊ त्या रिकाम्या जागेवरच्या वेष्टनाचेच निघाले. दोन 'अवेट'चे होते, ते अजून आहेत. आणि त्या सगळ्या आपोआप बनलेल्या साखळ्यांच्या वर तिने एक साखळी हाताने लिहून ठेवली आहे. कोणीही लायब्ररीत काही बदललं की ती सगळ्यात आधी चालते आणि छापते: एक, दोन, तीन, मासे, चार.